डॅशहंड, बीगल, जॅक रसेल आणि रानातली जनावरं: या चुका टाळा

डॅशहंड घरी आणताना बरेच जण एवढंच बघतात की फ्लॅटमधे मावतो, दिसायला गोड आहे, झालं. पण हा कुत्रा जर्मनीत बॅजरच्या बिळात घुसून त्याला अंधारात भिडायला तयार केलेला आहे, आखूड पाय आणि लांब अंग त्याचसाठी. जॅक रसेल म्हणजे इंग्लंडच्या डेव्हन भागातले जॉन रसेल नावाचे पाद्री होते, त्यांनी १९व्या शतकात कोल्ह्याला बिळातून बाहेर काढायला जे टेरियर पाळले त्यांची ही पिढी, आणि बीगल सशाच्या वासावर तासनतास पळणारा. त्यामुळे सोसायटीमागच्या झाडीत घूस किंवा मुंगूस दिसलं की यातला कुठलाही कुत्रा जे करतो ती मस्ती नसते, ते त्याच्या रक्तात आहे आणि ओरडून ते जाणार नाही.

टेकडीवर लीश सोडणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ही रोज दिसते. "आमचा बोलावलं की येतो" हे घरात खरं असतं हो, पण एकदा वास लागला की तो तुमचा आवाज ऐकू आल्यासारखा वागतच नाही. पुण्यातली वेताळ टेकडी, तळजाई, मुंबईतलं आरे, अशा ठिकाणी मोर आहेत, ससे आहेत, जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटव्या आहेत, त्यांना पण त्रास होतोच ना. ८-१० मीटरची लांब दोरी आणि हार्नेस (छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा) लावा, हुंगू दे त्याला मनसोक्त. आणि पळालाच तर मागे धावत ओरडू नका, त्याला वाटतं तुम्ही पण शिकारीत सामील झालात, उलट दिशेला जा आणि नेहमीच्या सुरात हाक मारा. परत आल्यावर फटका अजिबात नको, नाहीतर पुढच्या वेळी तो येणारच नाही. "ये" शिकवताना साधं बिस्किट नको, उकडलेलं चिकन द्या, समोर मुंगूस असताना बिस्किटाला कोण विचारतो.

बिबट्याचा वावर असलेला भाग असेल, जुन्नरकडे किंवा मुंबईत नॅशनल पार्कच्या कडेला, तर संध्याकाळनंतर आणि पहाटे कुत्रा अंगणात एकटा ठेवायचाच नाही. बिबट्याच्या खाण्यात कुत्री असतातच आणि छोटा कुत्रा तर तो सहज उचलतो.

साप चावल्यावर "बघू थोडा वेळ"

हे कुत्रे नाक पुढे करून जातात म्हणून दंश बहुतेक वेळा तोंडावर किंवा पुढच्या पायावर असतो. घोणस चावली की सूज भराभर चढते, हिरड्यांतून रक्त येऊ शकतं, लघवी लाल होऊ शकते. नाग किंवा मण्यार असेल तर सूज फारशी नसेलही (मण्यारीच्या दंशाची तर खूणही सापडत नाही बऱ्याचदा) पण पापण्या जड होतात, मागचे पाय लटपटतात, श्वास अडकतो. अशा वेळी घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, हळद लावणं, घरातली पेनकिलर देणं, यातलं काहीही करू नका. पट्टा आणि हार्नेस लगेच काढा कारण मान सुजली की तोच गळा आवळतो, कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. साप पकडायच्या किंवा मारायच्या मागे लागू नका.

आता एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. अँटीवेनम (सापाच्या विषावरचं औषध) किती द्यायचं हे कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही, किती विष गेलंय त्यावर ठरतं. म्हणजे ६ किलोच्या डॅशहंडला लॅब्रेडॉरएवढंच औषध लागू शकतं किंवा जास्तही, कारण तेवढंच विष एवढ्याशा अंगात पसरलेलं असतं. आपल्याकडे मिळणारं अँटीवेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं, आणि ते प्रत्येक व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) नसतं. म्हणून पावसाळ्याआधीच २-३ दवाखान्यांत फोन करून विचारून ठेवा की तुमच्याकडे आहे का, रात्री कोण असतं, आणि तो नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमधे टाका.

पावसाळ्यातच दुसरा प्रकार म्हणजे बेडूक, खरं तर तो खरखरीत कातडीचा भेक. तोंडात धरला की फेस येतो, कुत्रा डोकं झटकतो. तोंड खाली करून बाजूने पाणी सोडा, पाणी बाहेर पडलं पाहिजे, घशात नको. ओल्या फडक्याने हिरड्या पुसा आणि लडखडला किंवा झटके आले तर लगेच व्हेट.

साळिंदराचे काटे घरी ओढू नका, अर्धे तुटून आत राहतात, भूल देऊनच काढावे लागतात. आणि बिळात अडकलेल्या डॅशहंडला शेपटी धरून ओढू नका, त्याची पाठ मुळातच नाजूक असते, माती कडेकडेने उकरा.

"छोटंसं भोक आहे, डेटॉल लावलं"

माकड, मुंगूस, रानडुक्कर, कोणाचाही दात लागला की वरून बारीक भोक दिसतं पण आतली कातडी, स्नायू फाटलेले असू शकतात. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी व्हेटला दाखवा, आणि रेबीजची लस चालू असली तरी बूस्टरबद्दल विचारा. घुशी-उंदरांच्या मागे लागणाऱ्या कुत्र्याची लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) लस पण दरवर्षी चुकवू नका. घोरपड धरली असेल तर ती सोडवून वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ती, जखमी असेल तर उपचार त्यांच्याकडूनच होऊ दे.