पोलिसांविरुद्ध तक्रार: अर्जाइतकाच जबाब सांभाळा

पोलिसांच्या गैरवर्तनाची तक्रार करायची म्हटलं की दोनच सल्ले मिळतात. "व्हिडिओ व्हायरल करा", नाहीतर "त्यांच्या नादी लागू नका". पहिल्यात दोन दिवस गलका होतो, दुसऱ्यात काहीच होत नाही, आणि दोन्हींत चौकशी करायला भाग पाडणारा कागद तयार होत नाही. गेली कित्येक वर्षं मी लोकांना असे अर्ज लिहून देते आणि चौकशीच्या दिवशी त्यांच्यासोबत जाते. म्हणून महाराष्ट्रात प्रत्यक्ष काय करायचं, तेवढंच सांगते.

अर्ज दीड पानाचा पुरे. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय केलं, काय शब्द वापरले, कोणी पाहिलं. नाव माहीत नसेल तर बक्कल नंबर (गणवेशावरचा पोलिसाचा क्रमांक), तोही नसेल तर पोलीस गाडीचा नंबर आणि वेळ. विशेषणं गाळा. "अमानुष मारहाण" लिहू नका. "उजव्या पोटरीवर पट्ट्याने तीन फटके मारले" असं लिहा. मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि कोणी मारलं ते डॉक्टरांना सांगा. भीतीपोटी एकदा "पडलो" म्हणालात की ते केसपेपरवर कायमचं राहतं.

घटना पोलीस ठाण्यात घडली असेल तर अर्जातच सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याची मागणी करा, तारीख आणि तासासकट. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी ठाण्यांतले कॅमेरे आणि चित्रणाच्या साठवणुकीबद्दल आदेश दिला. चित्रण १८ महिने ठेवावं, तशी यंत्रणा मिळत नसेल तरी वर्षापेक्षा कमी नको. आदेश आहे म्हणून थांबू नका, पहिल्याच आठवड्यात लेखी मागा.

अर्ज त्याच ठाण्यात देऊ नका. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक, शहरात पोलीस आयुक्त. बारनिशीत, म्हणजे कागद स्वीकारतात त्या टेबलावर द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. गुन्हाच नोंदवून घेत नाहीत, ही तक्रार वेगळी. तिला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४) आहे: अधीक्षकांना टपालाने लेखी माहिती, तिथेही दाद नाही मिळाली तर दंडाधिकारी. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, पैसे उकळणं असे प्रकार पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही नेता येतात. प्रकाश सिंग खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालामुळे राज्यांना अशी प्राधिकरणं नेमणं भाग पडलं. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ साली पोलीस अधिनियम दुरुस्त केला. तिथे अर्जासोबत शपथपत्र जोडा.

इथपर्यंत कोणीही पोचतं. तक्रार मरते ती यानंतर, जबाबाच्या टेबलावर.

माझ्या भावाला एका ठाण्यात रात्रभर बसवून मारलं होतं. मी अर्ज दिला, पाच महिन्यांनी फोन आला: "ताई, जबाबाला या." साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आईची चौकशी केली. हवालदार लिहीत होते, मी बोलत होते. शेवटी चार पानं पुढे आली आणि मी सह्या केल्या. प्रत हातात आली ती पुढे, माहिती अधिकारातून. शेवटची ओळ होती: "सदर प्रकार गैरसमजातून घडला असून आता माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. जबाब राजीखुषीने दिला आहे." हे मी कधीच बोलले नव्हते, पण खाली सही माझी होती. तक्रार दप्तरी दाखल झाली, म्हणजे बंद झाली.

म्हणून जबाबाला रिकाम्या हाताने जाऊ नका. फोन आला की लेखी समजपत्र, म्हणजे हजर राहण्याची नोटीस मागा. घरी बसून आपला जबाब स्वतः लिहा, मूळ अर्जाशी तारीख-वेळ ताडून बघा, दोन प्रती न्या. "हा माझा जबाब, जोडून घ्या" म्हणा आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. ते म्हणतील, आम्हीच लिहितो. लिहू द्या, पण तुमचा कागद आधी दाखल झाला पाहिजे.

त्यांनी लिहिलेलं प्रत्येक पान वाचा, शेवटच्या तीन ओळी दोनदा वाचा. वाचता येत नसेल तर वाचणारं माणूस सोबत न्या. चूक असेल तर तिथेच खोडून शेजारी छोटी सही. पान अर्धं कोरं राहिलं असेल तर तिरकी रेघ मारा. सहीखाली तारीख आणि वेळ. "बाकीचं आम्ही भरतो" म्हणाले तर सही करायची नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी.

"मिटवून टाका" असं सुचवलं जाईल. मिटवायचं असेल तर तो तुमचा हक्क आहे, पण निर्णय घरी घ्या, त्या खुर्चीवर नाही. दमदाटी झाली तर सही न करता उठा आणि त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी कळवा: किती वाजता, कोण, काय म्हणालं. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या कागदाला "मागाहून सुचलं" म्हणतात. आणखी एक: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच ठाण्यातल्या अधिकाऱ्याकडे चौकशी नको, हे मूळ अर्जातच लिहा.

पुढे उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात चौकशी अहवाल आणि सगळ्या जबाबांच्या प्रती मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस.

राज्य मानवी हक्क आयोगाकडेही तक्रार करता येते. तिची मुदत एक वर्षाची, आणि ती घटनेच्या दिवसापासून मोजतात. अधीक्षक कार्यालयात चौकशी चालू आहे म्हणून ती थांबत नाही. राज्य आणि राष्ट्रीय, दोन्ही आयोगांकडे एकदम अर्ज टाकू नका. राज्य आयोगापुढे असलेलं प्रकरण राष्ट्रीय आयोग घेत नाही. दिनदर्शिकेत दहाव्या महिन्यावर खूण करा. तोवर खात्याचं उत्तर आलं नसेल तर त्याच आठवड्यात आयोगाकडे अर्ज पाठवा, आणि आपण दिलेल्या जबाबाची शिक्क्याची प्रत सोबत जोडा.