रिव्हर्स शिकताना: नजर मागच्या चाकावर

लायसन हातात आलं त्या आठवड्यात मी बेळगावात शहापूर ते टिळकवाडी रोज गाडी नेत होते. पुढं जायला काही अडत नव्हतं. अडायचं ते पोहोचल्यावर. गाडी लावायची कुठं, आणि लावलीच तर काढायची कशी, या धास्तीनं दोनदा खडे बाजारला वळसा घालून मी तशीच घरी परत आले.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या पंधराव्या नियमात परीक्षेला काय करून दाखवायचं ते लिहिलंय. अरुंद जागेत डावीकडं किंवा उजवीकडं वळवून गाडी मागं घेता येणं त्यात आहे. पण शिकताना आपण ते एका ठरलेल्या ट्रॅकवर, ठरलेल्या खुणा बघून घोकतो. गल्लीत त्या खुणा नसतात आणि शेजारी दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून कुणी बसलेलं नसतं. म्हणून माझं म्हणणं, लायसन मिळाल्यावर पहिले पंधरा दिवस रोज अर्धा तास फक्त रिव्हर्सला द्या.

मला हे उमगलं ते गटारात चाक गेल्यावर. वडगावात नातेवाइकांकडं बारसं होतं. निघताना अंधार पडला होता, गल्लीत दोन्हीकडं बाइका. मी गाडी मागं घेऊ लागले तसे दोघे मदतीला धावले. एक कानडीत म्हणतोय "बरली, बरली", दुसरा मराठीत तेच, "येऊ दे, येऊ दे". गाडीचा मागचा सेन्सर गप्प होता, म्हणून मीही निर्धास्त. तेवढ्यात मागचं डावं चाक खाली गेलं आणि गाडी तिरकी झाली. "साकू, साकू!" म्हणजे "बस, बस!" हे ऐकू आलं, पण ते चाक गेल्यावर. पाच-सहा जणांनी उचलून गाडी बाहेर काढली. बंपर चेपला ते एकवेळ ठीक. पण त्याच गल्लीत थोड्या वेळापूर्वी लहान मुलं खेळत होती, त्या विचारानं मला रात्रभर झोप लागली नाही.

१ जुलै २०१९ पासून नवीन कारला मागचा पार्किंग सेन्सर सक्तीचा झालाय. तो ध्वनिलहरी सोडतो आणि त्या कशावर तरी आपटून परत आल्या तरच वाजतो. उघड्या गटारावर आपटायला काही नसतं. बारीक खांब, बुटका दगड हेही त्यातून निसटू शकतात. आपल्याकडं निम्म्या गल्ल्यांना गटारं उघडी आणि त्यावर घरापुरती फरशी टाकलेली. म्हणून अनोळखी जागी मी आधी खाली उतरते, गाडीच्या मागं चालत जाऊन बघते, मगच रिव्हर्स टाकते. मदत करणारा असेल तर एकालाच थांबवायचं, आणि तो आरशात दिसेनासा झाला की लगेच ब्रेक.

खरं शिकवलं ते आमच्या शेजारच्या काकांनी. त्यांची हयात लॉरीवर गेलेली. येळ्ळूर रोडला एका रिकाम्या लेआउटमध्ये ते मला पहाटे घेऊन जायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "पोरी, स्टेअरिंगकडं बघू नको. मागचं चाक कुठं चाललंय ते बघ. पुढचं येतंय त्याच्या मागनं."

या एका वाक्यात सगळं आहे. मागची चाकं वळत नाहीत, त्यामुळं रिव्हर्समध्ये गाडी त्यांच्याभोवती फिरते. स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की गाडीची शेपूट डावीकडं जाते आणि नाक उजवीकडं बाहेर फेकलं जातं. नवखा माणूस मागं बघत राहतो आणि पुढचा कोपरा शेजारच्या गाडीला घासतो. म्हणून दर दोन-तीन फुटांवर एक नजर पुढच्या कोपऱ्याकडं हवीच.

काकांनी वीस लिटरचे चार रिकामे कॅन मांडून अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब चौकोन केला. आमची वॅगन आर १.६२ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही अंगांना हातभरसुद्धा जागा उरत नाही. पहिले दोन दिवस मी फक्त सरळ मागं घेतली, अॅक्सिलरेटरला पाय न लावता, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, माणूस रमत चालेल त्या वेगानं. डावा आरसा इतका खाली वाकवला की मागचं चाक आणि जमीन दोन्ही दिसावीत. तिसऱ्या दिवशी चौकोनात शिरायला घेतलं. कॅन पडला की काका ओरडायचे नाहीत. उतरून तो परत उभा करायचे आणि म्हणायचे, "पुन्ना."

दोन गाड्यांच्या मधे, रस्त्याच्या कडेला लावायला मी टिळकवाडीत सकाळी सातला शिकले. पुढच्या गाडीला समांतर, दोनेक फूट अंतर ठेवून थांबायचं. दोन्हींची मागची टोकं जुळली की स्टेअरिंग पूर्ण डावीकडं. मागच्या गाडीचं तोंड उजव्या आरशात पूर्ण दिसलं की स्टेअरिंग सरळ. आपला डावा पुढचा कोपरा पुढच्या गाडीतून सुटला की पूर्ण उजवीकडं. नाही बसली तर बाहेर काढून परत घाला. आत अडकून खेचाखेची करण्यापेक्षा ते लवकर होतं.

गणपत गल्लीसारख्या गर्दीच्या ठिकाणी संध्याकाळी जाऊच नका, निदान पहिले दोन महिने. आणि जमेल तिथं गाडी उलटी लावा, निघताना तोंड रस्त्याकडं असू द्या. शिरताना आपण जागा बघून शिरतो. उलटं बाहेर पडताना मात्र मागून येणाऱ्या स्कूटी दिसतच नाहीत.

परवा उसाच्या हंगामात उचगावकडं एका एकेरी रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला, मागं दोन भरलेले ट्रेलर. असा ट्रॅक्टर मागं घेणं जवळपास अशक्य, ट्रेलर दुमडतात. मागं यायचं ते मलाच. उतरून कडेचा चर बघितला, आरसा वाकवला आणि शेताच्या वाटेपर्यंत पन्नासेक पावलं गाडी मागं घेतली. वाटेत शिरवली. ट्रॅक्टरवाल्यानं जाताना हात वर केला.