नाचणाऱ्या मुलांच्या घराने जूनआधी करायची तयारी

मे महिन्याच्या शेवटी आमच्या नाशिकमध्ये नाचाच्या क्लासच्या ग्रुपवर नव्या वर्षाच्या बॅचेस जाहीर होतात. मुलीचं किंवा मुलाचं नाव स्पर्धेच्या बॅचमध्ये आलं की घरात आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. त्याच आठवड्यात एक संध्याकाळ राखून ठेवा, आजी-आजोबांपासून धाकट्यापर्यंत सगळे घरात असतील अशी. भिंतीवरचं कॅलेंडर टेबलावर घ्या आणि नाचाची एकही तारीख लिहिण्याआधी घराच्या तारखा पेनाने लिहून टाका. गणपतीची स्थापना, नवरात्रात कालिकामातेच्या यात्रेला जायची संध्याकाळ, दिवाळीतलं आजोळ, आजोबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, मावसबहिणीचं लग्न, रंगपंचमीला रहाड (रंगाच्या पाण्याचा जुना हौद) बघायला जायचं असेल तर तो दिवस, आणि दर महिन्याचा एक रविवार पूर्ण मोकळा. हे आधी करायचं, कारण स्पर्धांच्या तारखा उशिरा कळतात, जादा तालमींच्या त्याहून उशिरा, आणि मोकळा दिसलेला प्रत्येक रविवार तालमीकडे जातो.

मग या तारखा घेऊन क्लासमध्ये जा. बॅच सुटल्यावर दारात उभ्याउभ्या नाही. ताईंची किंवा सरांची वेळ मागून. "ताई, दसऱ्याला आम्ही गावी असतो, आत्ताच सांगून ठेवते," हे जूनमध्ये सांगितलं तर कुणालाच जड जात नाही. आदल्या रात्री सांगितलं तर आठ मुलांच्या फॉर्मेशनमधली एक जागा रिकामी पडते, उरलेल्या सातांना नवं अंतर शिकावं लागतं, आणि भुर्दंड आपल्या नाही तर दुसऱ्यांच्या मुलांना पडतो. याच भेटीत विचारून घ्या: स्पर्धेआधी जादा तालमी किती आणि कोणत्या वेळी, किती दांड्या चालतात, मूल आजारी पडलं तर बदली कोण, एंट्री फी परत मिळते का. उत्तरं मेसेजवर लिहून मागा. चांगले शिक्षक याचा राग मानत नाहीत. त्यांनाही असे स्पष्ट बोलणारे पालक हवेच असतात.

आता वेळेचा हिशोब, आणि तो झोपेपासून सुरू करायचा. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास झोप लागते, 13 ते 18 वयात 8 ते 10. सकाळच्या शाळेची व्हॅन साडेसहाला येत असेल तर मूल पावणेसहाला उठणार. संध्याकाळी कॉलेज रोडवरचा क्लास साडेआठला सुटला, सिडकोत किंवा पाथर्डी फाट्याला पोचेपर्यंत नऊ वाजून गेले, मग आंघोळ, जेवण, उरलेला गृहपाठ, दप्तर भरणं. अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेदहा. झोप झाली सव्वासात तास. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला रोज इतकी कमी झोप मिळाली तर आधी चिडचिड दिसते, मग शाळेत डुलक्या, मग पाय मुरगळणं. अशा वेळी लवकरची बॅच मागा, किंवा उशिराचे दिवस आठवड्यातून दोनच ठेवा. गृहपाठ क्लासच्या आधी उरकायचा, नंतर नाही.

आठवड्याला एकूण किती तास, यालाही एक सोपं माप आहे. मुलांच्या खेळातल्या दुखापती बघणारे डॉक्टर सांगतात की ठरीव सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत, आणि आठवड्यातून एक दिवस तरी पूर्ण सुट्टी हवी. दहा वर्षांच्या मुलीला दहा तास. त्यात कथक, हिप-हॉप, शाळेच्या गॅदरिंगची तालीम, सगळं धरायचं. डिसेंबरमध्ये हे तीनही एकदम येतात, म्हणून शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाग घ्यायचा की नाही हे आत्ताच ठरवा.

शरीराकडे बारकाईने बघायची सवय लावून घ्या. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं सुरू होतं. हाडं लांब होत असतात, स्नायूंची ओढ मागे पडते, आणि उड्या व पाय आपटणं यांचा ताण नेमका कोवळ्या हाडाच्या टोकावर येतो. "नाटकं करतेय" म्हणून सोडून देऊ नका. दोन आठवडे दुखणं टिकलं, किंवा लंगडणं दिसलं, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि तोवर उड्या बंद. क्लासची जमीनही पाहून या, चप्पल काढून. काँक्रीटवर थेट बसवलेल्या फरशीवर तासभर तत्कार (कथकमधला पायांचा सराव) करणं आणि खाली पोकळी असलेल्या लाकडी जमिनीवर करणं यात पायाला फार फरक पडतो. लाकडी जमीन नसेल तर उड्यांचा सराव थोडा ठेवा, असं मोकळेपणाने सांगा.

मुलगी वयात आली असेल आणि सरावाच्या दिवसांत पाळी लांबायला लागली, तर ते चांगलं लक्षण समजू नका. अनेकदा खाणं कमी पडत असतं. शाळा आणि क्लास यांच्या मधला डबा म्हणूनच नीट हवा: मोडाच्या उसळीबरोबर पोळी, शेंगदाणा-गुळाचा लाडू, केळं, नाचणीची भाकरी खाणारं मूल असेल तर उत्तमच. पूर्ण जेवण सरावाच्या दोन तास आधी. आणि मुलाच्या वजनावर कुणीही, नातेवाइकांनी, शिक्षकांनी, दुसऱ्या पालकांनी शेरा मारला, तर तिथल्या तिथे थांबवा. ही एक गोष्ट मी कधीच सौम्यपणे घेत नाही.

आता ज्याच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं, त्या धाकट्याबद्दल. आमच्या क्लासच्या जिन्यावर एक मुलगा बसलेला असतो, सहा-सात वर्षांचा. चपलांच्या रांगेशेजारी दप्तर, मांडीवर वही, आणि आतून तबला सुरू झाला की हातातली पेन्सिल आपोआप ठेका धरते. आत नाचणाऱ्या ताईचा, म्हणजे मोठ्या बहिणीचा, अख्खा तुकडा त्याला तोंडपाठ आहे. मध्येच तो उठतो, काचेला नाक लावून आत बघतो, पुन्हा येऊन बसतो. त्याची आईसुद्धा दमलेली असते; घरी त्याला बघायला कुणी नाही म्हणून तो इथे आहे. असा मुलगा किंवा मुलगी जवळजवळ प्रत्येक क्लासच्या बाहेर दिसते, आणि तिच्यासाठी आखणी केल्याशिवाय घराची तयारी झाली असं मला वाटत नाही.

त्यासाठी तीन गोष्टी करा. एक, एकाच भागातल्या तीन घरांनी मिळून ने-आण वाटून घ्या, म्हणजे प्रत्येक घरावर आठवड्याची एखाद-दुसरी फेरी येते आणि बाकी संध्याकाळी धाकट्याच्या मिळतात. दोन, आठवड्यातली एक संध्याकाळ त्याच्या नावाने ठेवा: पोहायला, क्रिकेटला, नाहीतर नुसतं आईबरोबर गोदापार्कला फिरायला. ताईची जादा तालीम आली तरी ती हलणार नाही, हे दोघांसमोर सांगायचं. तीन, स्पर्धेच्या दिवशी त्याला दिवसभर सभागृहात बसवू नका. कालिदास कलामंदिरात सकाळी दहाला बोलावलेल्या ग्रुपचा नंबर दुपारी चारलाही येतो. एका पालकाने तिथे थांबावं, दुसऱ्याने धाकट्याला पांडवलेणी चढवून आणावं आणि ताईच्या नंबराच्या आसपास सभागृहात यावं. मग त्याच्या टाळ्याही मनापासून येतात. पुढच्या वेळी पालकांनी अदलाबदल करावी, नाहीतर घरात 'आईची मुलगी' आणि 'बाबांचा मुलगा' असे दोन तट पडतात.

आजी-आजोबांनाही प्रत्येक स्पर्धेला ओढून नेण्याची गरज नाही. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला मात्र न्याच. तिथे निकाल नसतो, आणि नातीला नाचताना निवांत बघता येतं.

पैशांचं थोडक्यात. वर्षाची फी, कपडे, एंट्री फी, मेकअप, प्रवास, मुक्काम असा एक आकडा काढा आणि धाकट्याच्या एका आवडीसाठीही त्याच वेळी रक्कम बाजूला ठेवा. एकदाच घालायचा पोशाख ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणा. मुंबई-पुण्याच्या स्पर्धा वर्षाला दोनच. मुंबईला जायला सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची तर घरातून पहाटे निघावं लागतं आणि परतीला रात्र होते, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा नसेल अशीच तारीख निवडा. परीक्षकांची लेखी टिपणी हातात देणारी स्पर्धा निवडा. नुसत्या ट्रॉफ्या वाटणाऱ्या स्पर्धांवर खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही.

शास्त्रीय नृत्य शिकणाऱ्यांनी कागदांची एक फाइल आत्ताच उघडावी. संगीत-नृत्याच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. ज्या सत्रात स्पर्धा आहे त्या सत्रात ही परीक्षा शक्यतो देऊ नका. दहावीला शास्त्रीय कलेसाठी मिळणाऱ्या वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तेव्हा कोणती प्रमाणपत्रं लागतील हे शाळेत नववीतच विचारा. केंद्र सरकारच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती 10 ते 14 वयोगटासाठी असते, तेही लक्षात असू द्या.

टीव्हीवरच्या शोच्या ऑडिशनचा विषय निघालाच, तर बालकामगार कायद्याखालचे 2017 चे नियम आधी वाचा. चित्रीकरणात मुलाला दिवसाला 5 तासांहून जास्त काम देता येत नाही, सलग 3 तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते, सलग 27 दिवसांच्या पुढे काम चालत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मिळकतीतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकावा लागतो. मुलाची स्वतःची संमतीही लागते.

त्या संमतीवरून आठवलं. फॉर्म भरण्याआधी मुलीला एकटीला जवळ घ्या, क्लासपासून लांब, आणि विचारा, "तुला या वर्षी स्पर्धेत उतरायचंय, की नुसतं शिकायचंय?" दोन्ही उत्तरं सारख्याच चेहऱ्याने ऐका. नुसतं शिकायचंय म्हणाली तर तिला साध्या बॅचमध्ये घाला, क्लास सोडू नका. दिवाळीच्या सुट्टीत हाच प्रश्न पुन्हा विचारायचा. स्पर्धेवरून परतताना गाडीत मात्र स्टेप चुकली, पहिल्या नंबरवाल्यांचं काय भारी झालं, यातलं काहीही काढायचं नाही. भूक लागली का, एवढं पुरे.

राहिली बॅग. तिची यादी क्लासकडून येतेच. त्यात नसलेल्या गोष्टी तेवढ्या आपण घालायच्या: ट्रॅकची दुसरी प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर, घुंगरांसाठी जाड दोरीचा एक जादा जोड, घाम टिपायला मऊ पंचा, सुकी भेळ, पाण्याच्या दोन बाटल्या, धाकट्यासाठी गोष्टीचं पुस्तक, आणि सेफ्टी पिनांची डबी पूर्ण भरलेली, कारण विंगेत कुणाची ना कुणाची ओढणी सुटतेच आणि त्या वेळी सगळे आपल्याकडेच हात पुढे करतात.