जुन्या गाडीचा हीटर कोमट येतोय? डॅशबोर्ड उघडण्याआधी या चुका टाळा

दिवाळी झाली की माझ्याकडे दुरुस्तीला असल्या गाड्या यायला सुरुवात होते. डिसेंबर-जानेवारीत हिमाचलात मनाली, नारकंडा, काझा असा बेत ठरलेला असतो आणि जुन्या सुमोचा, बोलेरोचा, क्वालिसचा हीटर कित्येक वर्षांत कुणी लावूनही बघितलेला नसतो. पुण्या-नाशकात त्याची गरज पडत नाही, त्यामुळे तो कधी निकामी झाला ते कळतच नाही. निघायला आठवडा उरतो तेव्हा कळतं, आणि मग घाईघाईत त्याच त्या चुका होतात.

या गाड्यांचा हीटर स्वतः काहीच तापवत नाही, हे आधी समजून घ्या. इंजिनमध्ये तापलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवायला फिरणारं द्रव) दोन होज पाइपांमधून डॅशबोर्डमागच्या छोट्या कॉइलमध्ये जातं, आणि ब्लोअर त्या कॉइलवरून हवा ढकलतो. म्हणून हवा जोरात पण कोमट येत असेल, तर ब्लोअरच्या मागे लागू नका. आधी बॉनेट उघडा.

थर्मोस्टॅट वॉल (व्हॉल्व्ह) काढून टाकणं

ही चूक दिसली की मला खरोखर राग येतो. गाडी कधीतरी कसारा किंवा खंबाटकी चढताना गरम होते. रेडिएटर चोक आहे का, फॅन बरोबर फिरतोय का, हे बघायला वेळ लागतो. वॉल काढायला दोन बोल्ट खोलले की झालं. "आपल्याकडे कुठे एवढी थंडी?" असं म्हणून मालकाची समजूत घातली जाते आणि वॉल भंगारात जातो.

वॉलचं काम इंजिन ठरलेल्या तापमानाला येईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवायचं. त्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो, त्या तापमानाला तो उघडायला लागतो. वॉलच नसेल तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि थंडीत इंजिन तापतच नाही. डिझेल जास्त जातं, इंजिनची झीज वाढते आणि हीटर कोमटच राहतो. काही इंजिनांत तर वॉल काढल्यावर बायपासची वाट कायम उघडी राहते, गरम कूलंट रेडिएटर टाळून परत इंजिनमध्ये येतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. म्हणजे ज्यासाठी वॉल काढला तेच दुखणं बळावतं.

एक कुटुंब जुनी डिझेल गाडी घेऊन जानेवारीत किन्नौरला निघालं होतं. निघण्याआधी त्यांनी एका गॅरेजमध्ये हीटर दाखवला. तिथे अख्खा डॅशबोर्ड उतरवला, नवा ब्लोअर बसवला आणि चांगलं घसघशीत बिल लावलं. नारकंड्याला पोचेपर्यंत आतून काचेवर बाष्प गोठायला लागलं, मागच्या सीटवर आजी आणि लहान मूल ब्लँकेटमध्ये गुंडाळलेले. पुढचा बेत सोडून ते तिथूनच परत फिरले. नंतर गाडी माझ्याकडे आली. चांगली लांब चक्कर मारली तरी टेम्परेचरचा काटा तळाशी. वॉल बसतो ते हाउसिंग उघडलं तर आत त्याची जागा रिकामी, आणि कडेला जुन्या गॅस्केटचा चिकटलेला थर. नवा वॉल टाकल्यावर काटा मधोमध स्थिर झाला आणि व्हेंटसमोर हात धरवेना. वॉल आणि गॅस्केट, एवढाच खर्च. डॅशबोर्डच्या तुटलेल्या क्लिपा मात्र पुन्हा धड बसल्या नाहीत, तो अजून खडखडतो.

माझी सवय अशी: नवा वॉलसुद्धा बसवण्याआधी पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन उकळून बघायचा. गार असताना उघडा दिसला तर परत दुकानात. बसवताना त्यावरची छोटी पिन वरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे अडकलेली हवा तिथून सुटते.

पाइपांना हात न लावता अंदाज बांधणं

इंजिन तापलं की ते बंद करा, हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवा आणि कॉइलकडे जाणारे दोन्ही पाइप सांभाळून चाचपा. दोन्ही कडक गरम असतील तर आतली हवा वळवणारी झडप किंवा तिची केबल सुटलीय. एक गरम, एक गार असेल तर कॉइल चोक आहे किंवा कॉइलमध्ये कूलंट सोडणारा हीटरचा कॉक बंद राहिलाय. दोन्ही कोमट असतील तर कूलंटची पातळी आणि वॉल बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण घाईत असलेला माणूस नेमकं हेच करत नाही.

वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतणं

क्षार आणि गंज आधी हीटरच्या कॉइलमध्ये बसतात, कारण तिच्या नळ्या सगळ्यात बारीक. लीकेज थांबवायला रेडिएटरमध्ये हळद किंवा पावडर टाकणाऱ्यांनी तर तिच्यावर मेहेरबानी करूच नये. कॉइल धुताना दोन्ही पाइप सोडून बागेच्या नळीने हलक्या दाबाने उलट्या दिशेने पाणी सोडा, चहाच्या रंगाचं पाणी निवळेपर्यंत. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, जुनी कॉइल फुटते. ॲसिड तर नकोच, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं.

काझाला जानेवारीत पारा उणे 20 च्याही खाली जातो. साधं पाणी गोठून फुगतं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं तर ते साधारण उणे 37 पर्यंत टिकतं. निव्वळ कूलंट ओतलं तर ते त्याच्या कितीतरी आधी गोठतं, त्यामुळे जास्त ओतलं म्हणजे जास्त चांगलं हा हिशेब इथे चालत नाही. तयार मिश्रणाच्या कॅनमध्ये वरून पाणी घालू नका, कॅनवर लिहिलेलं वाचा.

कूलंट भरलं की झाकण लावून मोकळं होणं

हवा आत अडकते आणि हीटर कधी गरम, कधी गार येतो. गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन गार असतानाच झाकण काढा, मग चालू करून रेडिएटरचा वरचा पाइप दाबत बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही.

बाकीच्या

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालतो? स्पीड कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळालाय, मोटर बदलू नका.

काचेवर चिकट थर, गोडसर वास, पायाखालचं मॅटिंग ओलं असेल तर कॉइल गळतेय. दोन पाइप एकमेकांना जोडून बायपास करून देणाऱ्याला थांबवा, नवी कॉइल घ्या.

डिझेल गाडी जागेवर उभी ठेवून तापत नाही. हळूहळू चालवा.

गाडीत कोळशाची शेगडी कदापि नको. बर्फात इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपायचंही नाही. दोन्हीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि परत आल्यावर, अगदी मे महिन्यातसुद्धा, महिन्यातून एकदा हीटरचा खटका पूर्ण गरमवर नेऊन पाच मिनिटं चालवा. कॉक आणि केबल जाम होत नाहीत.