आजोबांच्या पितळी दिव्याची वायर बदलताना

मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या माळ्यावरून आजोबांचा पितळी टेबललॅम्प खाली आला, तेव्हा आधी तो लावून पाहावा असा घरातल्या सगळ्यांचा आग्रह होता. मी मात्र वरचे कापडी वेष्टन थोडे वाकवले, तर आतले रबर खपलीसारखे गळून पडले आणि तांब्याची तार उघडी झाली. ही वायर पितळेच्या पोकळ दांड्यातून जाते, त्यामुळे उघडी तार दांड्याला टेकल्यास २३० व्होल्टचा विद्युतदाब थेट हात लावायच्या धातूवर येतो. दिवा पेटतो म्हणजे तो सुरक्षित आहे, असे म्हणूनच मानता येत नाही; असा दिवा प्लगला न लावताच उघडावा.

जुनी वायर ओढून फेकण्यापूर्वी तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधावा, म्हणजे त्याच दोऱ्याने नवी वायर आत घेता येते. नवी वायर तीन तारांची, लवचीक, ०.७५ चौरस मिलिमीटरची आणि आयएसआय चिन्हाची घ्यावी. दोन तारांची स्वस्त पडते, पण धातूच्या दिव्यासाठी ती घेऊ नये, कारण तिच्यात अर्थिंगची तारच नसते. तपकिरी फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. वायर बुडातून आत शिरते तिथल्या छिद्राची कड बहुधा धारदार असते. ती कानशीने घासून तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे छिद्राच्या कडेवर बसणारी कडी, बसवावे. हे दोन रुपयांचे काम सर्वांत जास्त विसरले जाते.

अर्थिंगची तार लगमध्ये (तारेच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या कडीत) दाबून बुडाच्या पितळेला स्क्रू आणि दातेरी वॉशरने घट्ट लावावी, मात्र त्या जागेचे पॉलिश आणि हिरवट गंज आधी खरवडून काढावा. जुना बेकेलाइटचा होल्डर तडकलेला असेल, तर माया न धरता टाकून द्यावा. नवा घेताना जुना सोबत न्यावा, म्हणजे दांड्याचे आटे जुळतात. स्क्रूखाली जाणाऱ्या तारांना पीळ द्यावा, पण झाळ लावू नये, कारण झाळ दाबाखाली हळूहळू बसते आणि स्क्रू सैल होतो. होल्डरखाली वायरला गाठ मारावी, म्हणजे ओढ जोडावर येत नाही. थ्री पिन टॉपमध्ये अर्थिंगची तार इतर दोन्हींपेक्षा थोडी लांब ठेवावी. वायर हिसकली गेलीच, तर अर्थिंगची तार शेवटी निघेल.

आता प्लग हातातच ठेवून मल्टिमीटर लावावा. जाड (अर्थिंगची) पिन आणि पितळी दांडा यांच्यात रोध जवळपास शून्य यायला हवा. दोन बारीक पिनांपैकी कुठलीही आणि दांडा यांच्यात मात्र कसलीही जोडणी दिसता कामा नये. ही तपासणी बल्ब काढून करावी.

इतके करूनही भिंतीवरच्या बोर्डातच अर्थिंग नसेल, तर दिव्यातल्या तिसऱ्या तारेचा काहीच उपयोग नाही. आमच्या घरात नेमके तेच निघाले. बोर्डाचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि त्याच वेळी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबीही (वीज गळताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवून घ्यावे. इथल्या पावसाळ्यात भिंतींना ओल सुटते, म्हणून ते जूनच्या आत झालेले बरे. शेवटी मी ५ वॅटचा एलईडी लावला, कारण जुन्या ६० वॅटच्या बल्बची उष्णता नव्या होल्डरवर आणि आजीने शिवलेल्या शेडवर नको होती.