मैदानावरून आला की लगेच ताट भरू नका: स्थूल किशोरांच्या भुकेबाबत या चुका टाळा

व्यायामाने भूक खवळतेच, असे गृहीत धरून मुलगा मैदानावरून परतण्याआधीच शिकरण किंवा वडापाव तयार ठेवणे ही घरोघरी होणारी पहिली चूक आहे. जठरात तयार होणारे आणि 1999 मध्ये जपानी संशोधकांनी ओळखलेले घ्रेलिन हे भूक जागवणारे संप्रेरक दमवणाऱ्या व्यायामानंतर काही काळ उलट कमी होते, तर आतड्यातून स्रवणारी पीवायवाय आणि जीएलपी-1 ही तृप्तीची संप्रेरके वाढतात. फ्रान्समधील क्लेर्माँ-फेराँ येथे स्थूल किशोरांना दिवसभर बंद कक्षात ठेवून पाहिले, तेव्हा जोरकस व्यायामाच्या दिवशी ती मुले आपणहून कमी जेवली. हलक्या व्यायामाच्या दिवशी मात्र तसे झाले नाही. गंमत अशी, की भूक किती लागली आहे या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तरांत विशेष फरक नव्हता. हा परिणाम मुलाला जाणवत नाही, तो फक्त त्याने स्वतःच्या हाताने वाढून घेतलेल्या ताटात दिसतो, आणि आपल्याकडे ते ताट बहुधा आई किंवा आजी वाढते. म्हणून वाढण्याचे काम त्याच्याकडेच सोपवावे आणि आग्रह टाळावा.

दुसरी चूक हिशोबाची आहे. सत्तर किलो वजनाच्या मुलाने अर्धा तास भरभर चालून खर्च केलेल्या सुमारे 150 कॅलरी एका वडापावाने भरून निघतात, वर तितक्याच आणखी जमा होतात. बक्षीस म्हणून खाऊ देण्याची सवय यासाठीच मोडावी.

वेळेचाही विचार करावा. संप्रेरकांतील हा बदल फार टिकत नसल्याने व्यायाम जेवणाच्या थोडा आधी ठेवणे अधिक उपयोगी ठरू शकते. मात्र गार पाण्यात व्यायाम केल्यावर खाणे वाढल्याचे प्रौढांवरील प्रयोगांत दिसले आहे, त्यामुळे पोहण्यानंतरच्या खाण्याकडे वेगळे लक्ष द्यावे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे व्यायाम सुरू करताच जेवण निम्म्यावर आणणे. स्थूल मुलांच्या रक्तात लेप्टिन हे चरबीतून स्रवणारे आणि भूक आवरणारे संप्रेरक मुबलक असते, पण मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. वजन उतरू लागले की लेप्टिनही घटते आणि भूक डोके वर काढते. तितकीच ऊर्जा व्यायामाने खर्च करण्यापेक्षा ती अन्नातून कापली, तर भूक कितीतरी अधिक वाढते, हेही प्रौढांवरील प्रयोगांतून पुढे आले आहे. वाढत्या वयातल्या मुलाची भाकरी कमी करण्याआधी बाटलीबंद सरबते आणि रात्रीचे जागरण कमी करावे, कारण अपुऱ्या झोपेनेही भूक वाढते. इतके करूनही मूल लपूनछपून खात असेल किंवा पोट भरल्याची जाणीवच त्याला होत नसेल, तर त्याला न रागावता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.