बुटीबोरीच्या कारखान्यातून सायबर सुरक्षेची सुरुवात

नागपुरात सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात यायचं म्हटलं की नवख्यांची नजर आधी मिहानकडे, म्हणजे विमानतळाजवळच्या आयटी आणि उद्योगांच्या प्रकल्पाकडे जाते. पण हे काम मुळापासून शिकायचं असेल तर बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतला तीस-चाळीस माणसांचा कारखाना गाठा. तो मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवतो, त्याचे ईमेल तिथे बिनधास्त उघडले जातात, आणि सुरक्षेसाठी वेगळा माणूस त्याच्याकडे नसतो. देशाच्या सायबर सुरक्षेची भिंत अशाच ठिकाणी पोकळ असते.

सक्तीचं काय ते आधी माहीत हवं. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आणि लॉग (यंत्रणेत काय घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपायचे. यामुळे घटना कळते, पण टळत नाही. टाळण्याचं बरंचसं काम उद्योगांनी आपणहून करायचं असतं, आणि त्यासाठी सीआयएस कंट्रोल्स ही सुरक्षेच्या उपायांची क्रमवार यादी हाताशी ठेवा. आठव्या आवृत्तीत १८ कंट्रोल्स आणि १५३ उपाय आहेत. लहान संस्थांसाठीच्या पहिल्या गटात ५६. अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी मानक संस्थेची सायबर सुरक्षेची चौकटही खासगी उद्योगांसाठी ऐच्छिकच आहे. ती मालकांशी बोलताना कामी येते, पण सोमवारी सकाळी कशाला हात घालायचा ते सीआयएसमधून जास्त लवकर कळतं.

मालक पहिल्याच भेटीत विचारतील, "आमच्याकडे चोरायला आहे काय, भाऊ?" उत्तर त्यांच्याच धंद्यातलं द्या. तुमच्या नावाने ग्राहकाला मेल गेला, बिल तेच, फक्त बँक खातं बदललेलं, तर पैसे कोणाचे बुडतील? म्हणून सुरुवात ईमेलपासून करावी.

डोमेनच्या डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावा-पत्त्यांच्या नोंदवहीत) तीन नोंदी लागतात: एसपीएफ (तुमच्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्यांची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही तपासायची किल्ली) आणि डीमार्क (या तपासणीत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). आधी अकाउंट्स विभागात बसून मेल कुठून कुठून जातात ते लिहून काढा: ऑफिसचं मेल, बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर, वेबसाइटचा फॉर्म, पगारपत्रकं पाठवणारी सेवा. हमखास एखादी सुटते. डीमार्कची पॉलिसी आधी 'नन' (काहीच अडवू नका) ठेवा आणि अहवाल येण्यासाठी पत्ता द्या. महिनाभर तरी अहवाल वाचा, कारण महिनाअखेरीला जाणारी बिलं त्यात दिसायला हवीत. मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका), आणि सगळं सुरळीत असेल तर 'रिजेक्ट' (घेऊच नका). पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' लावलंत तर कारखान्याची स्वतःचीच बिलं अडतील, आणि मालक सगळं काढून टाकायला सांगतील.

बिघाड बहुतेक ठरलेल्या जागी होतो. एका डोमेनवर दोन एसपीएफ नोंदी असल्या की दोन्ही निकामी. एसपीएफ तपासताना डीएनएसच्या १० चौकश्यांची मर्यादा आहे. मेल पाठवणाऱ्या प्रत्येक नव्या सेवेची यादी 'इन्क्लूड' शब्दाने जोडत गेलं की ती ओलांडते आणि तपासणी फसते. डीकेआयएमची २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, ती तोडून लिहावी लागते. फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये एसपीएफ तुटतं, म्हणून डीकेआयएम टाळू नका.

फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० हून जास्त मेल जीमेलवर पाठवणाऱ्यांना गूगलने या तिन्ही गोष्टी आवश्यक केल्या. याहूनेही मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी तशाच अटी आणल्या. त्यासाठी कुठल्या सरकारला कायदा करावा लागला नाही. खासगी कंपन्यांनी मनावर घेतलं तर केवढं घडतं याचं आम्हाला पटणारं हे सर्वांत ठळक उदाहरण.

यानंतर बॅकअप. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा ज्या पीसीवर, त्यालाच बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडलेली, हे दृश्य पुष्कळ ठिकाणी दिसेल. रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की दोन्ही एकदमच कुलूपबंद होतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक ऑफिसबाहेर, हा साधा नियम पाळा आणि त्यातली एक प्रत तरी नेटवर्कपासून तोडलेली ठेवा. दर महिन्याला दुसऱ्या पीसीवर डेटा परत आणून कालचं शेवटचं व्हाउचर दिसतं का ते बघा. ते दिसलं तरच बॅकअप झाला म्हणायचं. त्याच फेरीत राउटर तपासा. सीएंना सीताबर्डीवरून काम करता यावं म्हणून उघडलेला ३३८९ पोर्ट (दुरून पीसी चालवण्याची वाट) वर्षानुवर्षं तसाच राहतो. तो बंद करा, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित वाट) आणि दुहेरी पडताळणी लावा.

परवानगीशिवाय मात्र कशालाही हात लावू नका, अगदी चांगल्या हेतूनेही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लेटरहेडवर सही-शिक्का घ्या. त्यात आयपी पत्ते, तारखा, वेळ आणि चाचणी थांबवायला सांगू शकणाऱ्याचा मोबाइल नंबर हवा. दुसऱ्याच्या साइटवर त्रुटी सहज नजरेस पडली तर खोलात न शिरता त्या संस्थेला कळवा. दाद लागत नसेल तर सर्ट-इनला.

तुमच्या कारखान्यालाही कोणी असं कळवू शकेल याची सोय करा. वेबसाइटच्या 'डॉट वेल-नोन' फोल्डरमध्ये 'सिक्युरिटी डॉट टीएक्सटी' ही छोटी फाइल ठेवतात. तिचं मानक एप्रिल २०२२ मध्ये आलं. 'कॉन्टॅक्ट' आणि 'एक्स्पायर्स' या दोन ओळी आवश्यक आहेत. मुदत वर्षाच्या आतली ठेवा आणि संपर्काला एका माणसाचा नव्हे, दोघं-तिघं रोज बघतात असा मेलबॉक्स द्या. मुदतीची आठवण मालक आणि अकाउंटंट दोघांच्याही मोबाइलमध्ये लावून द्या, कारण ती तारीख येईपर्यंत तुम्ही कदाचित दुसऱ्या नोकरीत असाल.